एन्नो पायऱ्या झाडतो

टीलमोर जंक्शनच्या दारात नवखा माणूस हमखास ठेचकाळतो. त्यात त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. राजेरजवाड्यांच्या काळात इथे दोन रेल्वे कंपन्या समोरासमोर आल्या, एक राजाची आणि एक शेजारच्या ड्यूकची, आणि दोघींनी मिळून एकच स्टेशन बांधायचं ठरवलं. ठरवलं खरं, पण एकाही गोष्टीवर त्यांचं पटलं नाही. रुळांच्या बेचक्यात लाल विटांची इमारत उभी राहिली ती भांडतच. घड्याळं दोन, तिकीटखिडक्या दोन, आणि दारापुढच्या रुंद पायऱ्यासुद्धा अर्ध्याअर्ध्या वाटून घेतलेल्या. डावीकडच्या राजाच्या, ठेंगण्या. उजवीकडच्या ड्यूकच्या, गुडघे काढणाऱ्या. पुढे राजाही गेला आणि ड्यूकही गेला, पायऱ्या मात्र कुणी सारख्या केल्या नाहीत. गावकऱ्यांच्या पायांना आता त्यांची सवय झाली आहे.

एन्नो ब्रून्स या पायऱ्यांवरच रांगायला शिकला. बाप स्टेशनवर रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला, बिऱ्हाड स्टेशनच्याच वरच्या मजल्यावर, आणि पाळणा रुळांकडच्या खिडकीशी. मालगाडी धडधडत गेली की पोर गाढ झोपायचं. रविवारी मालगाड्या नसत, त्या दिवशी रडून घर डोक्यावर घ्यायचं. त्याची आई थेडा ही गोष्ट येईल त्याला सांगत असे, आणि शेवटी म्हणे, "रडला तेवढाच काय तो आवाज. त्यानंतर तोंड उघडलं ते फक्त जेवायला."

यात अतिशयोक्ती फारशी नव्हती. आमच्या या सपाट, वाऱ्याच्या मुलखात माणसं मुळातच कमी बोलतात. सकाळी भेटा, दुपारी भेटा, रात्री भेटा, शब्द एकच: "मोइन". जो हा शब्द लागोपाठ दोनदा म्हणतो त्याला आम्ही बडबड्या म्हणतो. अशा गावातसुद्धा एन्नो घुम्या म्हणून प्रसिद्ध होता, यावरून काय ते समजा.

बाप गेल्यावर तोही रेल्वेतच चिकटला आणि पंचविशीच्या आत सिग्नल केबिनमध्ये जाऊन बसला. टीलमोरला मोठ्या लाइनवर ब्रेमेनची गाडी येते. त्याच वेळी डाव्या फलाटावर फाट्याची छोटी लाल गाडी उभी असते, ती पुढे दलदलीतल्या खेड्यांना जाते. मोठी लेट असली तर छोटीने तिची वाट बघायची की निघून जायचं, हे केबिनमधल्या माणसाच्या हातात. वरून आलेला नियम कडक होता: जरा वेळ थांबा, मोठी आली नाही तर छोटी सोडून द्या. एन्नोचा नियम साधा होता: माणूस येत असेल तर गाडी थांबेल. एकदा ती सुईणीसाठी थांबली. एकदा एका आजोबांची टोपी मोठ्या गाडीत राहिली, ते ती आणायला उलटे पळाले, तर त्यांच्यासाठीही थांबली. मग हेड ऑफिसातून फोन यायचा, साहेब तोंडाचा पट्टा सोडायचे, आणि एन्नो शांतपणे "हो" म्हणायचा. दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा थांबायची. शेवटी साहेबांनीच फोन करणं कमी केलं.

अशा या कारभारात वीबके त्यादेन फाट्याच्या गाडीवर गार्ड म्हणून आली. एन्नो तेव्हा सव्वीस वर्षांचा, ती त्याच्याहून थोडी मोठी. उंच, खांदे ताठ, आणि राग नाकाच्या शेंड्यावर. पहिल्याच आठवड्यात ती तरातरा जिना चढून केबिनमध्ये शिरली.

"माझी गाडी का अडवून ठेवलीय?"

"माणूस येतोय," एन्नो म्हणाला.

"कोण माणूस?"

"माहीत नाही."

"तुम्हाला माहीत नाही, आणि त्याच्यासाठी गाडीभर लोकांना ताटकळत ठेवलंत? लोकांना वाट बघायला लावायला मजा वाटते तुम्हाला?"

एन्नोने विचार केला. मग त्याने चहाचा कप पुढे केला. दुसरं काही त्याला सुचलंच नाही. आमच्याकडचा चहा म्हणजे काळाभोर. कपात आधी खडीसाखर टाकायची, चहा ओतला की ती तडतडते, मग वरून साय सोडायची आणि अजिबात ढवळायचं नाही. वीबके तो उभ्यानेच प्याली, कप आपटला आणि गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा भांडायला आली.

भांडण वर्षभर टिकलं. त्यानंतर ते संपलं, पण चहा चालूच राहिला. मग गावाच्या एक गोष्ट लक्षात आली. मोठी गाडी अगदी वेळेवर येते, उतरलेली माणसं छोटीत बसतात, दारं लागतात, तरी छोटी जागची हलत नाही. पार्सल ऑफिसातला फॉको हा एन्नोचा बालमित्र, तोंडाचा फाटका. तो केबिनखाली उभा राहून ओरडायचा, "अरे, आज कुणासाठी थांबवलीय? साय लागायचीय का अजून चहाला?"  थोड्या वेळाने वीबके खाली यायची, मान ताठ, कान लाल, आणि शिट्टी जरा जास्तच जोरात फुंकायची.

वीबके विधवा होती. नवरा कोळंबीच्या होडीवर कामाला होता. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हा एका वादळात होडी परत आलीच नाही. हे तिने स्वतः कधी सांगितलं नाही, थेडाने कुठून कुठून काढून आणलं. थेडाला पंचक्रोशीतलं सगळं कळतं. पोटच्या पोराच्या मनात काय चाललंय तेवढंच कळत नाही.

आणि पोराच्या मनात तर चार वर्षं एकच गोष्ट चालली होती. तो वीबकेच्या प्रेमात गळ्यापर्यंत बुडाला होता. त्या चार वर्षांत तो तिला काय म्हणाला? "मोइन." "चहा घ्या." "सिग्नल दिलाय." बस्स. रोज रात्री अंथरुणात तो पुढचं वाक्य तयार करायचा आणि सकाळी तिची टोपी जिन्यात दिसली की ते पार विसरायचा.

त्र्याऐंशी सालच्या मे महिन्यात एन्नोला तीस वर्षं पूर्ण होत होती. आमच्याकडे तिशीपर्यंत बिनलग्नाच्या राहिलेल्या गड्याला असंच मोकळं सोडत नाहीत. इतर गावांत त्याला चर्चच्या नाहीतर नगरपालिकेच्या पायऱ्या झाडाव्या लागतात. टीलमोरच्या रेल्वेवाल्यांना स्टेशनच्या. मित्र वर्षभर बिअरच्या बाटल्यांची पत्र्याची झाकणं साठवतात आणि त्या दिवशी पायऱ्यांवर ओततात. त्याने झाडायचं, त्यांनी पुन्हा ओतायचं. झाडणाऱ्याने पायऱ्या सोडून खाली पाय टाकायचा नाही. सुटका एकाच प्रकारे होते: कधीच लग्न न झालेल्या मुलीने येऊन सगळ्यांसमोर त्याचा मुका घ्यायचा. तोवर झाड बाबा.

दोन दिवस आधी फॉको केबिनमध्ये आला, खुर्ची ओढून बसला.

"शनिवारी तयार राहा. बेकरीवाल्याच्या गेशेला सांगून ठेवलंय. येईल, मुका घेईल, तू सुटलास. तुझ्या आईची ताकीद आहे, लेकराला फार दमवू नका म्हणून."

"आणि वीबके?" एन्नोने विचारलं.

फॉको बघतच राहिला. एन्नोने आपणहून प्रश्न विचारल्याचं त्याला आठवत नव्हतं.

"वीबके? ती चालत नाही. तिचं लग्न झालं होतं ना! नियम म्हणजे नियम. आणि ती आता राहतेय किती दिवस इथे? किनाऱ्यावरच्या डेपोत बदली मागितली होती तिने, मंजूर झालीय. सोमवारी हो म्हणून कळवायचं, की संपलं. तुला ठाऊक नव्हतं? अरे, रोज चहा पिता ना दोघं? मग बोलता काय, रुळांबद्दल?"

 त्या संध्याकाळी फाट्याची गाडी ठरल्या मिनिटाला सुटली, आणि मोठ्या गाडीतून उतरून धावत आलेली दोन माणसं फलाटावर तोंड वासून उभी राहिली. टीलमोरमध्ये असं आजवर झालं नव्हतं. दारूच्या गुत्त्यात रात्रभर तीच चर्चा चालली होती.

शनिवारी लख्ख ऊन पडलं. एन्नोला आईचा फुलाफुलांचा एप्रन बांधण्यात आला, डोक्यावर उंच काळी हॅट, हातात निम्म्या काड्या गळालेला खराटा. फॉकोने गळ्यात अकॉर्डियन अडकवलं आणि पायाने एक अख्खं पोतं लवंडून दिलं. झाकणं खणखणत राजाच्या पायऱ्यांवर पसरली आणि ड्यूकच्या पायऱ्यांवरून उड्या मारत खाली गेली. अर्धं गाव जमलं होतं. गेशेच्या बापाने लोण्याच्या केकच्या परातीच पाठवल्या होत्या. कुणीतरी छोट्या पेल्यांतून कडक दारू फिरवत होतं, थेडा सगळ्यांना पाळण्याची गोष्ट सांगत होती, आणि ज्यांनी ती शंभरदा ऐकली होती तेही हसत होते.

एन्नो झाडत होता खरा, पण नजर कठड्यापलीकडच्या डाव्या फलाटावर. वीबकेची गाडी आता येणार, थोडा वेळ थांबणार आणि जाणार. तिच्याशी बोलायचं तर आजच. सोमवारी ती हो म्हणून बसली की पुढच्या महिन्यात त्या गाडीवर दुसराच गार्ड. आणि नेमकं आजच त्याला पायऱ्या सोडायची मुभा नव्हती. केबिनमध्ये त्या दिवसापुरता त्याच्या जागी आलेला तरुण बसला होता, नियमावर बोट ठेवून चालणारा. ज्या माणसाने उभा जन्म गाड्या वेळेवर याव्यात म्हणून घालवला, तो एप्रन नेसून देवाला विनवत होता, की आजच्या दिवस ब्रेमेनची गाडी लेट होऊ दे, म्हणजे छोटीला तिच्यासाठी थांबावं लागेल.

तेवढ्यात गेशे आली. केस छान बांधलेले, खांद्याला खेळाच्या सामानाची पिशवी.

"एन्नो, चल आटप. माझी हँडबॉलची मॅच आहे."

तिने तोंड पुढे केलं. एन्नो मागे सरकला, पाय राजाच्या पायरीवरून ड्यूकच्या पायरीवर पडला, आणि तो कसाबसा सावरला.

"थांब," तो म्हणाला.

"काय?"

"थांब जरा."

अकॉर्डियन मधेच बंद पडलं. थेडाने कपाळाला हात लावला. "फिरलं का रे डोकं तुझं? चांगली मुलगी स्वतःच्या पायांनी चालत आलीय, आणि तू तिला थांबवून ठेवतोस?"

गेशे मात्र हुशार. तिने एन्नोची नजर कुठे आहे ते पाहिलं. मग त्या रिकाम्या फलाटाकडे पाहिलं, मग पुन्हा एन्नोकडे.

"गाडी कितीची आहे?" तिने हळूच विचारलं.

"येईलच."

"बरं. मग मी केक खाते." आणि ती राजाच्या पायरीवर ऐसपैस बसली.

एवढं पुरलं. केकचा तुकडा संपायच्या आत सगळ्या गर्दीला सगळं कळलं होतं. थेडा सगळ्यांत शेवटी भानावर आली आणि मग मात्र तिला कुणी आवरू शकेना. "चार वर्षं! चार वर्षं मी विचारतेय, मनात कुणी आहे का रे बाळा, आणि हा म्हणतो, बटाटे वाढ!"

ब्रेमेनची गाडी त्या दिवशी वेळेवर आली. त्या अख्ख्या वर्षात ती एवढी वेळेवर आली नव्हती. पाठोपाठ डाव्या फलाटावर लाल गाडी लागली, माणसं या गाडीतून त्या गाडीत गेली, दारं लागली. वीबके फलाटावर उतरली तेव्हा तिला कठड्यापलीकडची गर्दी दिसली, मग हॅट, मग एप्रन. तिने हसून हात हलवला. केबिनमधल्या तरुणाने लगेच सिग्नल दिला. तिने शिट्टी ओठांशी नेली.

"वीबके!"

हा आवाज कुणाचा, हे पाहायला लोकांनी माना वळवल्या. एन्नोचा होता.

"जाऊ नका!"

शिट्टी खाली आली. "काय?" ती ओरडली. इंजिन घरघरत होतं.

"किनाऱ्यावर! किनाऱ्यावर जाऊ नका!"

"ऐकू येत नाही!"

"अरे, मोठ्याने बोल ना!" फॉकोने त्याला कोपराने ढोसलं. "तीस वर्षांचा आवाज साठलाय तुझ्याकडे, वापर की!"

एन्नोने हॅट काढून फेकली, छाती भरून श्वास घेतला आणि अख्ख्या गावासमोर, आईसमोर, दोन्ही गाड्यांतल्या प्रवाशांसमोर ओरडला, "जाऊ नका! इथंच राहा! माझ्याबरोबर! माझं प्रेम आहे तुमच्यावर, झालं!"

टीलमोरच्या स्टेशनात एवढं लांब भाषण कुणा रेल्वेवाल्याने केलं नव्हतं. एन्नोला स्वतःलाच घाम फुटला.  वीबके फलाटावर खिळून उभी.

"सिग्नल दिलाय!" केबिनमधून तरुण ओरडला. "गाडी सोडा!"

लाल गाडीची एक खिडकी खाली आली आणि एका आजीबाईंचं डोकं बाहेर आलं. "जा गं बाई तू. आमची बटाट्याची पोती काही नासत नाहीत."

वीबकेने शिट्टी खिशात टाकली. चार वर्षांत जिने स्वतःहून एक मिनिट गाडी थांबवली नव्हती, ती कठड्याचं फाटक ढकलून, झाकणं तुडवत पायऱ्या चढली आणि सगळ्यांसमोर एन्नोचा मुका घेतला. गालाचा नव्हे.

टाळ्या, आरोळ्या, अकॉर्डियन, सगळा एकच कल्लोळ. त्यात फॉकोचा आवाज सगळ्यांच्या वर चढला.

"बाद! बाद! लग्न झालेलीचा चालत नाही! झाड पुढे!" आणि त्याने दुसरं पोतं उपडं केलं.

गेशे हात झटकत उठली. "चल, आता मी सोडवते तुला."

"कुणी सांगितलं मला सुटायचंय?" एन्नो म्हणाला.

वीबकेचा चेहरा तिच्या गाडीहून लाल झाला होता. "मी दुपारच्या फेरीला येते," एवढंच पुटपुटून ती पळाली. शिट्टी झाली, गाडी हलली. राहणार की जाणार, यावर एक अक्षर नाही.

एन्नो झाडत राहिला. दुपारी गाडी आली, वीबके आली, मुका झाला, फॉको ओरडला "बाद!", आणि झाकणं पुन्हा खणखणली. त्यानंतरच्या फेरीलाही तेच. बातमी गाड्यांबरोबर पुढे गेली. ब्रेमेनचे प्रवासी खिडक्यांतून लोंबकळायला लागले, खेड्यांतून माणसं खास तिकीट काढून आली, गेशे मॅच जिंकून परत आली तरी हा झाडतोच आहे. लोकांचा दिवस मजेत चालला होता. एन्नोचा मात्र जीव टांगणीला लागला होता. मुके मिळत होते, उत्तर मिळत नव्हतं, आणि विचारायची त्याची सगळी हिंमत सकाळच्या त्या एका आरोळीत खर्च झाली होती.

संध्याकाळची फेरी आली तेव्हा ऊन अजून कौलांवर होतं. गर्दी गुत्त्यात शिरली होती. गाडी दुसऱ्या गार्डच्या ताब्यात देऊन वीबके आली आणि पायरीवर बसली. एन्नोही खराटा बाजूला ठेवून शेजारी बसला.  मग तीच बोलली.

"मी बदली का मागितली, माहितेय?"

"नाही."

"गाडी वळणावर आली की मी आधी तुमच्या केबिनच्या खिडकीकडे बघते. खिडकीत दुसरा कुणी दिसला की माझा सगळा दिवस वाईट जातो. हिवाळ्यात तुम्ही तापाने पडलात, आठवडाभर आला नाहीत. तेव्हा कळलं मला, हे पुन्हा सुरू झालंय." तिने टोपी काढून मांडीवर ठेवली. "मी एकदा धक्क्यावर उभी होते, एन्नो. रात्रंदिवस. बायका घरी चल म्हणून हाताला धरून ओढत होत्या, मी हलले नाही. होडी आली नाही. त्या दिवशी ठरवलं, यापुढे कुणाची वाट म्हणून बघायची नाही. मला भीती वाटते तुमची. म्हणून चालले होते."

एन्नोने विचार केला. पुढे करायला चहा नव्हता.

"मग तुम्ही नका बघू," तो म्हणाला. "वाट मी बघतो. मला पगारच त्याचा मिळतो."

वीबके आधी हसली. मग हसता हसता रडली, आणि रडता रडता तिने त्याच्याच एप्रनच्या टोकाला नाक पुसलं. एन्नोला काय करावं कळेना, म्हणून त्याने तिचा हात धरला, आणि तो बरोबर धरला गेला.

गुत्त्याची खिडकी उघडली आणि गेशेने डोकं बाहेर काढलं. "अगं वीबके, आता तरी घेऊ का मी याचा मुका? नाहीतर जन्मभर झाडत बसावं लागेल त्याला!"

"अजिबात नको," वीबके म्हणाली. "बसू दे झाडत. मी इथेच आहे, मी बघते काय करायचं त्याचं."